रफार कुणी शिकवायचा?

(दृश्य: शाळेचा व्हरांडा, चपलांची रांग. कुंपणापलीकडे द्राक्षबाग.)

नाशिक जिल्ह्याच्या दिंडोरी तालुक्यातली ही जिल्हा परिषदेची शाळा. पहिली ते पाचवी, शंभरेक मुलं आणि चार शिक्षक. शनिवारी सकाळची शाळा सुटली, मुलं पांगली, की चौघं तिसरीच्या वर्गात सतरंजीवर बसतात. मध्ये एक जाड वही. तिच्यात मुलांची नावं वर्गवार नाहीत. कोण वाचताना कुठे अडतं, त्याप्रमाणे आहेत.

सुरुवात झाली वेलांटीपासून. पहिलीच्या बाई म्हणायच्या ‘पहिली वेलांटी, दुसरी वेलांटी’. तिसरीचे सर म्हणायचे ‘ऱ्हस्व, दीर्घ’. सर एका मुलाला फळ्याजवळ उभं करून म्हणाले, “दीर्घ कर रे.” मुलगा खडू हातात धरून नुसता बघत राहिला. सरांनी नोंद केली: वेलांटी येत नाही. खरं तर वेलांटी त्याला येत होती, तिचं सरांनी घेतलेलं नाव तेवढं त्याच्या ओळखीचं नव्हतं. त्या शनिवारी चौघांनी ठरवलं, पहिलीपासून पाचवीपर्यंत एकच नाव घ्यायचं.

मग निघाला र. मराठीतला र जोडाक्षरात चार वेशांत भेटतो. ‘सूर्य’मध्ये डोक्यावर, ‘चक्र’मध्ये पोटात तिरका, ‘ट्रक’मध्ये पायाशी, आणि ‘दऱ्या’मध्ये आणखी निराळाच. दुसरीच्या बाईंना वाटायचं, हे तिसरीत पक्कं होईल. सरांना वाटायचं, दुसरीत झालंच असेल. दोघंही मनापासून शिकवत होते, आणि मुलं पाचवीत जाऊन ‘सूर्य’ला ‘सूय’ वाचत होती. आता वहीत लिहिलंय: रफार दुसरीत, दिवाळीच्या सुट्टीनंतर, उजळणी तिसरीत, पहिल्याच महिन्यात. पुढे कुणी शिकवायचं, त्याचं नाव.

(दृश्य: परिपाठ संपतो. मुलं दप्तरं तिथेच ठेवून वर्ग बदलतात.)

रोज पाऊण तास इयत्ता बाजूला राहते. अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट, अशा गटांत मुलं बसतात. चौथीतला मोठा मुलगा दुसरीच्या पोरांत बसला की मान वर करत नाही, हे बाईंच्या लगेच लक्षात आलं. म्हणून तो आठवडाभर एक छोटी गोष्ट तयार करतो आणि शुक्रवारी पहिलीच्या मुलांना वाचून दाखवतो. या शाळेत आम्ही जे जे पाहिलं, त्यात आम्हाला हे सगळ्यात मोलाचं वाटलं. गट दर पंधरा दिवसांनी बदलतात. एखादं मूल महिनोन्‌महिने त्याच गटात दिसलं, तर शनिवारी आधी त्याचं नाव निघतं.

नाशिक शहरात १८४० पासून सार्वजनिक वाचनालय आहे. इथल्या बऱ्याच घरांत मात्र पाठ्यपुस्तक सोडलं तर दुसरं पुस्तक नाही. तो पाऊण तास हेच या मुलांचं वाचनालय.

केंद्र सरकारच्या, २०२१मध्ये सुरू झालेल्या निपुण भारत अभियानात तिसरीच्या अखेरीस मिनिटाला किमान ६० शब्द, अर्थ समजून, वाचावेत असं उद्दिष्ट आहे. ‘अर्थ समजून’ हे दोन शब्द इथे फार जड आहेत. ऑक्टोबरच्या छाटणीला सुरगाणा, पेठकडची कुटुंबं बागांवर कामाला येतात. त्यांच्यातली एक मुलगी तिसरीत बसते. वाचन भरभर. पण घरी कोकणी, म्हणजे कोकणा आदिवासींची बोली, बोलतात. पुस्तकातला शब्द तोंडात येतो, चित्र डोळ्यांपुढे येत नाही. तिच्याच बोलीतली पाचवीतली एक ताई शेजारी बसते. आधी दोघी गोष्ट आपल्या बोलीत बोलतात, मग पुस्तक उघडतात.

(दृश्य: द्राक्षाचे क्रेट टेम्पोत चढताहेत. वर्गात बाई लिहीत बसल्या आहेत.)

होळी जवळ आली. खुडा संपत आला. मुलगी आता गावी जाईल, तिथल्या शाळेत बसेल. स्थलांतरित मुलांसाठीचं शिक्षण हमी कार्ड तिच्या दप्तरात आहे. त्याला बाईंनी वहीतलं एक पान टाचून दिलंय, न पाहिलेल्या गुरुजींसाठी.

“रफार येतो. ट्र, ड्र अजून अडतं. गोष्ट आधी तिच्या बोलीत सांगू द्यावी. मोठ्यानं वाचायला लाजते, पण लहान मुलांना छान वाचून दाखवते.”