गिझर आधी बाथरूमच्या बाहेर काढा, सर्व्हिसिंगचं नंतर बघू

नमस्कार मंडळी. मला माइकवर बोलायची सवय नाही, मी आपला रिपेरिंगवाला माणूस, पण चेअरमन साहेब म्हणाले थंडी सुरू होतेय, तुम्ही आमच्या सोसायटीतले गिझर इतकी वर्षं बघताय तर जरा चार गोष्टी सांगा, म्हणून आलो. आधी एक करा, ज्यांचा गॅस गिझर बाथरूमच्या आत बसवलाय त्यांनी हात वर करा बरं. नऊ, दहा, अकरा. लाजू नका, त्यातले एकदोन मीच बसवलेले असतील, सुरुवातीला मला पण एवढी अक्कल नव्हती, गिऱ्हाईक बोट दाखवेल तिथे ड्रिल मारायचो.

आता हिशोब ऐका. तुमच्या शेगडीचा मोठा बर्नर असतो साधारण दोन किलोवॅटचा. आणि मिनिटाला 6 लिटर पाणी देणारा हा छोटासा डबा दहा-बारा किलोवॅटचा. म्हणजे पाच-सहा बर्नर फुल्ल पेटवून तुम्ही आंघोळीला आत घेऊन जाताय आणि वर कडी लावताय. शेगडीचे पाच-सहा बर्नर मोरीत पेटवा म्हटलं तर कुणी पेटवेल का? पण भिंतीवर पांढरा डबा टांगला की कुणाला काही वाटत नाही.

पुढे बघा, 1 किलो गॅस नीट जळायला साधारण 12 घनमीटर हवा लागते. दहा मिनिटं शॉवर चालला की दीडशे ग्रॅम गॅस जातो, म्हणजे जवळजवळ 2 घनमीटर हवा. आपल्याकडचं बाथरूम केवढं, पाच बाय सहा, उंची आठ धरा, सगळं मिळून पावणेसात घनमीटर होतं. म्हणजे एका आंघोळीत पाव भागापेक्षा जास्त हवेतला ऑक्सिजन गिझरनेच खाल्ला, वर तुम्ही पण श्वास घेताय, आणि तुमच्यामागे लगेच मुलगा जातो, त्याच्यामागे सून, दार मध्ये जेमतेम मिनिटभर उघडतं. आणि थंडीत गार वारा येतो म्हणून खिडकीच्या काचपट्ट्यांना आपण पुठ्ठा लावलेला असतो, कुणी कुणी तर थर्माकोल. सगळ्यात जास्त गिझर चालतो तेव्हाच हवा बंद!

हवा कमी पडली की गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. लोक मला सांगतात, अहो पण वास नव्हता आला. वास येणारच नाही ना! सिलिंडरच्या गॅसला वास येतो कारण तो मुद्दाम मिसळलेला असतो, लिकेज कळावं म्हणून. कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही, डोळे पण चुरचुरत नाहीत. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटीहून जास्त घट्ट चिकटतो, त्यामुळे डोकं जड होतं, मळमळतं, पायातलं बळ जातं, आणि कडीपर्यंत हात जायच्या आत माणूस खाली बसतो. डॉक्टर लोकांनी ह्याला गॅस गिझर सिंड्रोम असं नावच देऊन टाकलंय. बाथरूममध्ये झटका आला म्हणून फिट्सच्या गोळ्या सुरू केल्या आणि खरं कारण भिंतीवर टांगलेलं होतं, अशा केसेस झाल्यात.

अजून एक, कोविडपासून घरोघरी तो बोटाला लावायचा ऑक्सिमीटर आहे. इथे त्याच्यावर विसंबू नका. कार्बन मोनॉक्साइड चिकटलेलं रक्त आणि ऑक्सिजनवालं रक्त ह्यातला फरक साध्या ऑक्सिमीटरला कळतच नाही, तो अठ्ठ्याण्णव दाखवत बसेल आणि माणूस आत गुदमरलेला असेल. कुणी आत पडलं तर दार उघडा, माणसाला आधी मोकळ्या हवेत काढा, गॅस बंद करा, 108 ला फोन लावा आणि डॉक्टरांना न विसरता सांगा की गॅस गिझर चालू होता. तेवढ्या एका वाक्यावर ट्रीटमेंट बदलते, लगेच ऑक्सिजन लावतात.

मग एक्झॉस्ट फॅन आहे ना, असं काका तुम्ही मगाशी जिन्यात म्हणालात. फॅन हवा बाहेर फेकतो, पण आत येणार कुठून? खालून दाराला फट नसेल तर फॅन नुसता गरगरतो. कधीकधी उलटं पण होतं, गिझरच्या डोक्यावरून निघालेला धूरच तो तुमच्याकडे ओढून आणतो.

त्यामुळे जागा एकच, बाहेर. आपल्याकडे ड्राय बाल्कनी आहेत, तिथे लावा आणि पाइप आत न्या, पाणी जरा उशिरा गरम येईल, बादलीभर फुकट जाईल, जाऊ दे, भांड्याला वापरा. पण ड्राय बाल्कनीला स्लायडिंग खिडक्या लावून ती पॅक केली असेल तर ती पण खोलीच झाली, हे लक्षात घ्या. एक सरकती काच कायमची उघडी पाहिजे.

आता मशीनचं थोडक्यात. पाणी आलं की आतला रबरी डायफ्राम ढकलला जातो, तो मायक्रोस्विच दाबतो, दोन मोठ्या सेलवर ठिणगी पडते आणि गॅसचा व्हॉल्व्ह उघडतो. म्हणून वरच्या मजल्यावर प्रेशर कमी असलं की गिझर पेटत नाही, त्यात मशीनचा काही दोष नसतो, आधी पाण्याच्या तोंडाशी जाळी असते ती काढून धुवा, टाकीतला गाळ निघतो. सेल दरवर्षी बदला, पावसाळ्यात ते पाझरून पत्र्याच्या पट्ट्या खातात. नुसतंच टिकटिक होतंय आणि पेटत नाही तर नळ परत परत उघडबंद करू नका, गॅस साठतो आणि मग एकदम भप्पकन पेटतो. मागे एका घरी त्या भडक्याने एका ताईंच्या भुवया गेल्या होत्या, बाकी थोडक्यात वाचल्या.

ह्याच्या उलट, नळ बंद केला तरी आत ज्वाला दिसतेय, तर स्विच अडकलाय. गॅसचा कॉक ताबडतोब बंद, आणि मला फोन. मी येईपर्यंत चालवून बघूया असला प्रकार नको, आत पाणी उकळतं आणि कॉइल, म्हणजे पाणी तापवणारी नळी, फुटते.

ज्वालेचा रंग महिन्यातून एकदा तरी त्या छोट्या काचेतून बघा. निळी म्हणजे ठीक. पिवळी, लांब, लवलवणारी दिसली किंवा वर काजळी धरली तर गॅस नीट जळत नाहीये, त्या दिवशी आंघोळ चुलीवरच्या पाण्याने करा म्हटलं तरी चालेल पण गिझर लावू नका. बहुतेक वेळा जेटमध्ये, म्हणजे गॅस बाहेर पडतो त्या बारीक भोकात, कोळ्याचं जाळं नाहीतर धूळ निघते, काम अर्ध्या तासाचं. आणि बोअरचं पाणी असेल तर कॉइलमध्ये क्षार बसतात, वर्षातून एकदा ते काढून घ्यायचे.

नळी केशरी सुरक्षा होजच हवी, तिच्यावर तारीख छापलेली असते, पाच वर्षं झाली की बदला, दिसायला चांगली असली तरी. सांध्यांना साबणाचं पाणी लावून फुगे येतात का बघा, काडी पेटवून कोण बघतं हे मला माहितीये, नाव घेत नाही. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड, तो खाली फरशीवर साचतो, म्हणून वास आला तर बटणं चालूबंद करू नका, खिडक्या-दारं उघडा, रेग्युलेटर काढा, बाहेर जाऊन 1906 वर फोन करा. आणि ज्यांच्याकडे आता पाइपलाइनचा गॅस आलाय त्यांनी जुना गिझर तसाच जोडायचा नाही, सिलिंडरचं प्रेशर 30 मिलिबार, पाइपलाइनचं 21, गॅस पण वेगळा, जेट बदलावे लागतात, आणि सगळ्याच मॉडेलचे जेट मिळत नाहीत.

तर ते मघाचे अकरा हात. बी विंगच्या काकू पहिल्या ना? चला, तुमच्यापासून सुरू करू, ड्राय बाल्कनीत पाण्याची लाइन आहे का ते आत्ताच बघून येतो, वॉचमनकडून कुणीतरी शिडी मागवा.