कोरड्या रस्त्याचं पाणी

मंडळी, माझी सगळी नोकरी भूजल खात्यात झाली. दुसऱ्याच्या शेतात विहीर कुठे घ्यावी, हे सांगत हिंडलो. त्यामुळे आज सिडनीचं ऑपेरा हाऊस ऐकायला कुणी आलं असेल, तर आधीच माफी मागतो. कांगारू आहेत, पण तेसुद्धा जेमतेम तोंडी लावण्यापुरते.

लेक-जावई ॲडिलेडला असतात. जुलैत, म्हणजे तिथल्या हिवाळ्यात, आम्ही तिघं गाडी घेऊन उत्तरेला निघालो. मरी नावाच्या गावापासून मार्लापर्यंत मातीचा रस्ता जातो, ऊडनाडाटा ट्रॅक. साधारण 620 किलोमीटर. निघण्याआधी टेबलावर नकाशा पसरला आणि माझ्यातला खात्याचा माणूस जागा झाला. सगळा माळ ताटासारखा सपाट. ना डोंगर, ना दरी. मग रस्त्याने सरळ उत्तरेला का जाऊ नये? हा आधी पश्चिमेकडे जातो, काटी थांडा–लेक एअर या मिठाच्या सरोवराला बगल देतो आणि मग वायव्येकडे सरकतो. रस्ता उगाच वाकडा जात नाही.

उत्तर मिळालं ते दुसऱ्या दिवशी, बबलर नावाच्या झऱ्यापाशी. आजूबाजूला तांबडी, भाजलेली माती आणि मध्येच पाण्याचं एक गोल डबकं. त्याच्या तळातून राखाडी वाळू वर येते, फुगते, फुटते, पुन्हा खाली बसते. साबुदाण्याची खीर मंद आचेवर रटरटते ना, हुबेहूब तसं. मी कठड्याला टेकून तासभर उभा होतो. जावई दोनदा म्हणाला, "बाबा, निघू या का?" पण माझा पाय निघेना.

हे पाणी तिथल्या पावसाचं नाही. तिथे वर्षाला पाऊस पडतो सव्वाशे-दीडशे मिलिमीटर. आपल्याकडे जुलैतला एखादा बरा दिवस तेवढा देऊन जातो. हे पाणी बहुतांशी पूर्वेकडच्या डोंगरउतारांवर जमिनीत मुरलेलं. ते वालुकाश्मातून वर्षाला दोन-चार मीटर अशा चालीने सरकतं. वरखाली चिकणमातीच्या खडकाचे थर, त्यामुळे ते दाबाखाली असतं आणि फट मिळाली की वर येतं. याला ग्रेट आर्टेशियन बेसिन म्हणतात. 17 लाख चौरस किलोमीटर, म्हणजे ऑस्ट्रेलियाचा पाचवा हिस्सा. काही ठिकाणी हे पाणी दहा लाख वर्षांपेक्षा जुनं आहे. आपला दख्खनचा काळा पत्थर याच्या बरोब्बर उलट. त्याच्या भेगांत आणि वरच्या मुरमात काय साठेल तेवढंच. यंदाचा पाऊस यंदा प्यायचा.

बबलरसारखे झरे या वाटेवर ओळीने आहेत. ही झऱ्यांची माळ तिथल्या मूळ रहिवासी अरबाना लोकांना हजारो वर्षं ठाऊक होती. त्यांच्या येण्याजाण्याच्या वाटा त्यावरूनच जात. मग गोऱ्यांपैकी जॉन मॅकडुअल स्टुअर्ट झऱ्यावरून झऱ्यावर घोडे नेत गेला आणि 1862 मध्ये उत्तर किनाऱ्याला पोचला. त्याच्या मागोमाग 1872 मध्ये तारेची लाइन पुरी झाली, साधारण 3200 किलोमीटर. ॲडिलेडची तार डार्विनवरून समुद्राखालून जावा, सिंगापूर, मद्रास, मुंबई आणि तिथून लंडन अशी जायची. म्हणजे या ओसाड माळावरचा टकटकाट आपल्या मुंबईतून पुढे जात होता! मग रेल्वे आली. तीही याच वाटेने, कारण वाफेच्या इंजिनालाही पाणी लागतं. रूळ 1891 मध्ये ऊडनाडाटाला पोचले, आणि 1929 पर्यंत गाडी तिथेच थांबायची. पुढचा माल उंटांवर.

हे उंट कुठले? पुष्कळसे कराचीहून जहाजात चढवलेले, आणि कराची तेव्हा मुंबई इलाख्यात. सोबत बलुची, सिंधी, पंजाबी, पठाण उंटवाले. तिथे सगळ्यांना सरसकट 'अफगाण' म्हणत, आणि त्यावरूनच रेल्वेला घॅन हे नाव पडलं असं सांगतात. मरीला त्यांच्या मातीच्या मशिदीची प्रतिकृती उभी आहे. आत उभं राहिल्यावर मला आपल्याकडच्या एखाद्या जुन्या गोठ्याची आठवण झाली. तितकीच बुटकी, तितकीच गार.

आणि गंमत बघा. पाण्यासाठी इथून नेलेली ही रेल्वे पाण्यानेच घालवली. कधीतरी एकदाच पूर येतो, पण आला की रूळच वाहून नेतो. शेवटी 1980 मध्ये नवी लाइन पश्चिमेला दूर टाकली आणि ही बंद झाली. नील्स नदीवरचा अल्जेबकिनाचा लोखंडी पूल अजून उभा आहे, 578 मीटर लांब. आम्ही गेलो तेव्हा खाली नदी म्हणजे दोन डोह आणि बाकी वाळू.

आता मुक्कामाचं सांगतो. तिथे स्वॅग म्हणून प्रकार असतो, ताडपत्रीच्या खोळीत शिवलेलं अंथरूण. थंडीत त्याची चेन नाकापर्यंत ओढून झोपायचं. पाण्याचे कॅन लेकीच्या ताब्यात. भांडी आधी वाळूने घासायची, मग अर्ध्या तांब्यात विसळायची. माझ्या आईला हे शिकवावं लागलं नसतं. रस्ता पन्हाळी पत्र्यासारखा. हळू गेलात तर दात वाजतात, जोरात गेलात तर गाडी घसरते. टायरमधली हवा कमी करायची, तरी धारदार गोट्यांनी आमचं एक टायर फाडलंच. दोन स्टेपन्या होत्या म्हणून आज इथे बोलतोय. गाडी बंद पडली तर ती सोडून चालत निघायचं नाही, हा पहिला नियम. वरून गाडी दिसते, माणूस दिसत नाही.

कावर्ड स्प्रिंग्जला आम्ही दोन रात्री राहिलो. तिथे रेल्वेच्या काळात बोअर मारली होती. भोवती खजुराची झाडं, आणि डुंबायला कोमट पाण्याचं टाकं. अशा हजारो बोअर या बेसिनमध्ये 1878 पासून मारल्या गेल्या. पंप लागत नाही, पाणी आपोआप उसळतं, म्हणून उघड्या चरांतून मैलोन्‌मैल सोडून दिलं. बहुतेक उन्हात उडून गेलं, दाब उतरला, कित्येक झरे आटले. मग सरकारने बोअरना झाकणं बसवायला आणि चरांच्या जागी नळ टाकायला सुरुवात केली. मी हे वाचत होतो आणि डोळ्यापुढे आपल्याकडची द्राक्षांची गावं येत होती. असो, तो विषय काढला तर उद्या सकाळ होईल.

शेवटी विल्यम क्रीकला अडकलो. पंधरा-एक मिलिमीटर पाऊस झाला आणि रस्ता बंदचा फलक लागला. ओल्या मातीत चाकं रुतून रस्त्याची वाट लागते, म्हणून कुणालाच सोडत नाहीत. गाव म्हणजे एक पब, विमानांची धावपट्टी आणि डझनभर माणसं. पबमध्ये गुराखी म्हणून काम करणारे एक आजोबा शेजारी बसले होते. पावसाने भलतेच खूश. त्यांनी विचारलं, तुमच्याकडे किती पडतो? मी जरा ऐटीत लोणावळ्याचा आकडा सांगितला, वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या वर. त्यांना वाटलं, माझं इंग्रजी चुकलं. मी कागदावर लिहून दाखवलं.

ते बराच वेळ कागदाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे तुम्हाला कधीच कमी पडत नसणार."

मी त्यांना एप्रिलमधल्या टँकरचं सांगितलं. लोणावळ्यापासून फार लांबच्या नव्हे, अशा गावांतल्या टँकरचं.

"मग एवढं सगळं जातं कुठे?" आजोबांनी विचारलं.

खात्यात इतकी वर्षं काढलेला माणूस मी. बिअरचा ग्लास उचलला आणि खिडकीबाहेरच्या चिखलाकडे बघत बसलो.