नऊ एक आणि नऊ तीनच्या मध्ये

श्रोतेहो, नमस्कार.

१९ एप्रिल १९९५, सकाळी ९ वाजून २ मिनिटं. अमेरिकेतल्या ओक्लाहोमा सिटीत ‘आल्फ्रेड मरा’ नावाच्या, केंद्र सरकारी कार्यालयांच्या इमारतीसमोर ट्रकमधला बॉम्ब फुटला. १६८ माणसं गेली, त्यांत १९ मुलं.

स्मारकासाठी महापौरांनी ३५० जणांची समिती नेमली. त्यात गेलेल्यांचे आप्त होते, वाचलेले होते, मदतीला धावलेलेही. एवढी मोठी समिती सहसा ‘पुतळा की कारंजं’ या वादातच रुतते. इथे स्मारक दिसावं कसं, हे आधी विचारलंच नाही. येणाऱ्याला काय वाटावं, हे विचारलं. उद्देशपत्र १९९६ मध्ये मंजूर झालं, मगच आराखडे मागवले. ६२४ आले.

आज इमारतीच्या जागी हिरवळ आहे आणि तिच्यावर १६८ रिकाम्या खुर्च्या. पाठ आणि बैठक ब्राँझ-दगडाची, खाली काचेचा ठोकळा, त्यावर नाव कोरलेलं. रात्री तो उजळतो. इमारत नऊ मजली, म्हणून रांगा नऊ. ज्या मजल्यावर माणूस होता, त्या रांगेत त्याची खुर्ची. इमारतीबाहेर मृत्यू आलेल्या पाच जणांच्या खुर्च्या पश्चिम टोकाला. मुलांच्या खुर्च्या आकाराने लहान. त्या शोधाव्या लागत नाहीत. जुन्या रस्त्याच्या जागी उथळ पाणी आणि दोन टोकांना दोन दारं: एकावर ९:०१, दुसऱ्यावर ९:०३.

संग्रहालय २००१ मध्ये उघडलं. तिथे एका खोलीत ध्वनिफीत ऐकवतात. त्या सकाळी समोरच्याच इमारतीत जलमंडळाची सुनावणी टेप होत होती. पाण्याच्या परवान्याचं रटाळ कामकाज चालू असतं, आणि दोनेक मिनिटांत स्फोट. निवेदकाने कितीही सांगितलं तरी हे साधलं नसतं.

वाहनतळातलं एक एल्मचं झाड जळूनही वाचलं. पुरावे अडकलेले म्हणून ते तोडणारच होते. पुढे त्याच्या मुळांना हवा-पाणी मिळेल असाच भोवतीचा चौथरा बांधला. त्याच्या बियांपासून केलेली रोपं वाटली जातात.

स्फोटानंतर जागेभोवती घातलेल्या जुन्या कुंपणावर लोक अजून चिठ्ठ्या, फोटो, खेळणी अडकवतात. तिथून काढलेल्या वस्तू संग्रहात जातात. असल्या वस्तू सांभाळायची संग्रहालयांची रीत सांगतो. गंजाचा डाग कागदातून निघत नाही, म्हणून पिना आधी काढायच्या. कापडी खेळण्यांत कीड असू शकते. ती पिशवीत हवाबंद करून गोठवायची. बाहेर काढल्यावर मात्र पिशवी लगेच उघडायची नाही. आधी खोलीच्या तापमानाला येऊ द्यायची, नाहीतर हवेतला दमटपणा थंडगार कापडावर पाणी होऊन बसतो.