भर दुपारचा कडा

(साधं रंगीत दृश्य. तळं, पलीकडे उभा कडा.)

दुपारचे साडेबारा. एव्हाना फोटोग्राफर मंडळी कॅमेरे बॅगेत टाकून सावलीला बसलेली असतात. आकाश पांढुरकं, पाणी हिरवट, पलीकडचा कडा धुरकट. कातळात झाडं कुठे सुरू होतात तेही नीट कळत नाही.

(तीच चौकट, कृष्णधवल इन्फ्रारेड.)

आता हेच बघा. कॅमेरा जागचा हललेला नाही. पाणी काळं झालं, माथ्यावरचं आकाश काळवंडलं, झाडं पिठात घोळून काढल्यासारखी पांढरी. आणि कडा? तो होता तसाच, करडा. बदललं ते त्याच्या अवतीभवतीचं सगळं.

आपल्या डोळ्यांची धाव तांबड्याशी, साधारण 700 नॅनोमीटर लांबीच्या लहरींच्या आसपास संपते. ऊन मात्र तिथे संपत नाही. 1800 साली विल्यम हर्शेल लोलकातून पडलेल्या रंगपट्ट्यात थर्मामीटर ठेवून पाहत होता. तांबड्याच्या पलीकडे, जिथे काहीच दिसत नव्हतं, तिथेही पारा चढला. तोच हा इन्फ्रारेड उजेड. या उजेडातले निसर्गाचे फोटो लोकांपुढे यायला 1910 उजाडलं. ते रॉबर्ट वुड या अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञाचे. पानांच्या या पांढरेपणाला आजही ‘वुड इफेक्ट’ म्हणतात. हा उष्णतेचा फोटो आहे, असं पुष्कळांना वाटतं, तसं नाही. उष्णता टिपणारा कॅमेरा याच्या दहापटीहून लांब लहरींवर चालतो. इथे दिसतंय ते परतून आलेलं ऊनच.

हरितद्रव्य तांबडा आणि निळा उजेड खातं, इन्फ्रारेडला तोंडही लावत नाही. तो पानात शिरतो, आतल्या पेशी आणि हवेच्या पोकळ्यांमध्ये ठेचकाळतो आणि बराचसा माघारी फिरतो. आकाशाचं उलट. हवा निळा उजेड भरपूर विखुरते, 800 नॅनोमीटरचा त्याच्या जेमतेम दहावा हिस्सा. म्हणून वर काळोख, आणि कड्यावरचं धुरकट पटलही बरंचसं विरतं. दाट धुकं असेल तर मात्र इन्फ्रारेडचंही काही चालत नाही. आणि पाणी? ते हा उजेड पिऊन टाकतं. काठाला कमरेइतक्या पाण्यातले गोटे डोळ्यांना स्वच्छ दिसतात; फोटोत तिथे शाई.

(कातळाचं जवळचं दृश्य.)

इथे जरा थांबू. कातळाला आडवी चीर गेली आहे, तिच्यात चिमूटभर माती साचलीय, मातीत नेचे रुजलेत. मघाच्या रंगीत चित्रात ती शोधून सापडली नसती. इथे खडूने रेघ ओढावी तशी उमटलीय. तिच्याखाली झिरपणाऱ्या पाण्याचा ओघळ, काळा. कडा कुठे फुटलाय, कुठे पाझरतोय, ते झाडापाण्यानेच लिहून ठेवलंय.

नुसत्या झाडीचे इन्फ्रारेड फोटो मला फार वेळ बघवत नाहीत. सगळं बर्फाळ, गोडगोड होतं. मधे कातळ आला की त्या गोडव्याला आवर बसतो.

(फिल्टर लेन्सवर चढवणारे हात.)

720 नॅनोमीटरचा हा फिल्टर, म्हणजे साधारण त्यापलीकडचाच उजेड आत सोडणारी काच, डोळ्यांना जवळजवळ काळाच. म्हणून चौकट आधी ठरवायची, फिल्टर मग चढवायचा. नेहमीच्या डिजिटल कॅमेऱ्यात सेन्सरपुढे इन्फ्रारेड अडवणारी काच असते, त्यामुळे शटर कित्येक सेकंद, कधी अर्धा मिनिट उघडं ठेवावं लागतं. तेवढ्यात वाऱ्याने पानांचा धूर होतो आणि पाण्याची पाटी. कुणी ती काचच काढून घेतात. मग ट्रायपॉडही लागत नाही. इन्फ्रारेडमध्ये फोकसही थोडा सरकतो, त्यासाठी जुन्या लेन्सवर लाल खूण असायची.

फिल्मचे लाड वेगळेच. कोडॅकची एचआयई ही इन्फ्रारेड फिल्म 2007 मध्ये बंद झाली. ती मिट्ट काळोखातच भरायची. माझा पहिला रोल मी झाडाच्या सावलीत भरला. सावली डोळ्यांपुरती होती. अर्धा रोल धुरकटून गेला.

(पुन्हा तळं. कड्यावर ढगाची सावली.)

ढग आला. पानांचा पांढरेपणा उतरला, कडा पुन्हा झाडीत मिसळला. शटरवर बोट ठेवून बसायचं. सावली कातळावरून खाली सरकतेय, नेच्यांची चीर मोकळी झाली, आता पाण्याची कड…

(शटरचा आवाज.)