घरच्या फ्रिजमधले नमुने

नमस्कार मंडळी. एचआयव्ही, सिफिलिस, गनोरिया असले लैंगिक आजार कुठे किती पसरलेत हे सरकारला कसं कळतं, त्यावर आज बोलायचंय. पण आधी मद्रासची गोष्ट ऐका, ती सांगितल्याशिवाय मला पुढे जाववणार नाही.

1985 साल संपत आलेलं. एड्स हा परदेशातला आजार, आपल्याकडे नाही, असंच सगळे धरून चाललेले, मुंबईत शेकडो लोक तपासले तरी काही सापडलं नव्हतं. मद्रास मेडिकल कॉलेजात डॉक्टर सुनीती सोलोमन होत्या, माहेरच्या गायतोंडे, मद्रासच्याच मराठी घरातल्या. त्यांनी आपल्या विद्यार्थिनीला, सेल्लप्पन निर्मलाला, सांगितलं की देहविक्री करणाऱ्या बायकांचं रक्त तपासून बघ. निर्मलाबाईंना दोन लहान मुलं, पण त्या कामाला लागल्या, नवरा स्कूटरवरून सोडायचा, ऐंशीच्या आसपास नमुने जमले आणि कॉलेजात ठेवायची सोय नाही म्हणून ते चक्क घरच्या फ्रिजमध्ये ठेवले! अशा नवऱ्यांचीही नावं संशोधनात छापायला पाहिजेत, असं माझं ठाम मत आहे. फेब्रुवारी 1986 मध्ये नवरा-बायको दोघं रात्रीच्या गाडीने नमुने तपासायला घेऊन वेल्लोरला गेले. तपासणीत सहा नमुने पिवळे पडले, म्हणजे त्यांत एचआयव्ही दिसला. सहा! म्हणजे आजार आलेला होता, फक्त कोणी मोजला नव्हता.

एक मात्र मला खटकतं, रक्त कशासाठी घेतायत हे त्या बायकांना सांगितलंच नव्हतं. आता 2017 चा कायदा आहे, तुमची एचआयव्ही तपासणी करायची तर आधी तुमची संमती लागते आणि रिझल्ट गुप्त ठेवावा लागतो.

आणि देशभरच्या मोजणीला नाव लागतच नाही. 1998 पासून ठरलेल्या दवाखान्यांत गरोदर बायकांचं सिफिलिससाठी घेतलेलं रक्त, त्यातलंच उरलेलं नाव काढून एचआयव्हीसाठी तपासायचे. वय लिहायचं, शहर की खेडं लिहायचं, नाव नाही. परत सांगते, नाव नाही.

पण लैंगिक आजार झालेला जो माणूस लाजेपोटी मेडिकलमधून परस्पर गोळ्या घेतो तो सरकारच्या कुठल्याच मोजणीत येत नाही, आणि जोडीदाराचा आजार तसाच राहतो, हे फार वाईट आहे हो. सरकारी हॉस्पिटलात सुरक्षा क्लिनिक असतं, तिथे तपासणी आणि औषधं फुकट मिळतात, जोडीदारालाही घेऊन जा. आणि फोनवर विचारायचं असेल तर 1097, टोल फ्री आहे. एक शून्य नऊ सात.