नळी समोर धरा

मंडळी, पत्रिकेत विषय छापलाय 'गुणवत्तेची पारख' आणि तो वाचून मलाच घाम फुटला, कारण असल्या विषयावर प्राध्यापक लोकांनी बोलायचं असतं. मी आपला पंचवीस-सव्वीस वर्षं दूध तपासलेला माणूस. आधी गावच्या संस्थेत टेस्टर, मग तालुक्याला दूध थंड करायच्या चिलिंग सेंटरच्या लॅबमध्ये. त्यामुळे मी दुधावरनंच बोलणार, मधे कापूस येईल, ऊस येईल, पोरांच्या परीक्षा येतील, पण गाडी फिरून दुधावरच येणार, आधीच सांगून ठेवतो.

दूध नुसतं लिटरवर घ्यायचे तेव्हा काम सोपं होतं, मापानं मोजा आणि पैसे द्या. पण लिटरवर पैसे म्हणजे पाण्यालाही दुधाचाच भाव. आणि पाणी घालणारा राहू दे बाजूला, ज्यानं पेंड घालून चांगली म्हैस राखली त्याच्या सात फॅटच्या दुधाला आणि शेजारच्याच्या साडेपाच फॅटच्या दुधाला एकच रेट, मग तो कशाला राखेल चांगली म्हैस? म्हणून लॅक्टोमीटर आला. काचेचा असतो, दुधात सोडायचा, तरंगतो आणि दुधाच्या पातळीपाशी आकडा वाचायचा. गाईच्या दुधाची डिग्री साधारण २८ ते ३०, पाणी घातलं की पडते. लोकांना वाटलं झालं, चोर सापडला. आता गंमत बघा. साय हलकी असते. दुधातली साय काढून घेतली की राहिलेलं दूध जड होतं आणि डिग्री चढते. मग त्यात बेताबेतानं पाणी घाला, डिग्री परत जागेवर. म्हणजे साय पण गेली, पाणी पण पडलं आणि लॅक्टोमीटर म्हणतोय सगळं ठीक आहे. हे मला पुस्तकानं नाही शिकवलं, एका गवळ्यानं शिकवलं, हसत हसत.

त्याच्यावर इलाज म्हणजे फॅट मोजणं. आता बटण दाबलं की आकडा येतो, तेव्हा गर्बर पद्धत होती. काचेच्या नळीत १० मिली सल्फ्युरिक अॅसिड, त्यावर १०.७५ मिली दूध, १ मिली अमाइल अल्कोहोल, बूच लावून हलवायचं, नळी अशी तापते की फडक्याशिवाय हातात धरवत नाही, मग मशिनमध्ये गरगर फिरवायची, ६५ डिग्रीच्या पाण्यात ठेवायची. अॅसिड बाकी सगळं जाळून टाकतं, फॅट तेवढं पिवळंजर्द वर येऊन उभं राहतं, ते खुणांवर वाचायचं. माझा एक शर्ट धड राहिला नाही त्या अॅसिडनं, बायको म्हणायची हा माणूस बंदुकीच्या गोळ्या खाऊन येतोय की काय, सगळीकडं भोकं.

त्यात सुद्धा भानगड आहेच. नुसत्या फॅटवर पैसे दिले तर म्हैसवाला खूश आणि गाईवाला मेला, कारण गाईच्या दुधात फॅट कमी. पण त्या दुधात बाकीचं प्रोटीन, साखर, क्षार असतात की, त्याचीच पावडर होते आणि ती विकूनच पैसे येतात. म्हणून फॅट आणि एसएनएफ, म्हणजे फॅट सोडून दुधातले हे बाकीचे घन पदार्थ, दोन्हीवर दर ठरवायची पद्धत आली, आपल्याकडं गाईला ३.५ आणि ८.५, म्हशीला ६ आणि ९ हे आकडे शेंबड्या पोराला पण पाठ असतात. सांगायचा मुद्दा असा की नळीत दूध पडायच्या आधीच अर्धा न्याय झालेला असतो, काय मोजायचं हे ठरवलं तिथंच. आणि जे मोजाल तेच लोक वाढवणार. एसएनएफला पैसे मिळायला लागले तशी लोकांनी साखर घातली, युरिया घातला, की मग आम्ही युरियाची टेस्ट लावायची. हे मांजर-उंदराचं चालूच राहतं, त्याला शेवट नाही.

आता मूळ गोष्ट सांगतो, जिच्यासाठी मी आज आलो. मी बावीस-तेवीस वर्षांचा, नवीन टेस्टर. संस्थेत एक म्हातारे यायचे, सगळे त्यांना आबा म्हणायचे. एक म्हैस, सकाळी तीन-साडेतीन लिटर दूध, पण फॅट निघेपर्यंत जायचे नाहीत, खिडकीशी उभे. मी नळी वर बल्बच्या उजेडाला धरायचो आणि खालनं बघून आकडा सांगायचो. एक दिवस आबा म्हणाले, "आरं पोरा, दिव्याकडं कशाला धरतूस, डोळ्यासमूर धर की." मला राग आला, म्हटलं आबा, मी कोर्स केलाय. म्हणाले, "केला असशील. पर समूर धर." धरली. दीड पॉइंटचा फरक! पॉइंट म्हणजे फॅटच्या आकड्यातला ०.१. खुणा काचेवर पुढच्या बाजूला आणि फॅटचा दांडा आत, त्यामुळे खालनं बघितलं की आकडा कमीच दिसतो. म्हणजे तीन महिने मी गावातल्या प्रत्येक माणसाचं पॉइंट दीड पॉइंट फॅट खाल्लं होतं, एक पैसा खिशात न घालता. कोर्समध्ये शिकवलं होतं हो, नळी डोळ्याच्या रेषेत धरा म्हणून, पण उजेड कमी पडायचा म्हणून हात वर जायचा आणि कुणी विचारणारं नव्हतं.

त्या दिवसापासून मी खिडकीतच रिडिंग घ्यायला लागलो. ज्याचं दूध त्यानं बघायचं, वाचता आलं नाही तरी बघायचं. आणि तुम्हाला सांगतो, भांडणं वाढली नाहीत, कमी झाली. आधी ४.२ सांगितलं की लोक शिव्या देत जायचे, आता ३.९ दाखवलं तरी गप घरी जाऊन गाईला सरकी वाढवायचे. आकडा चुकीचा असू शकतो हे लोकांना कळतं, ते तेवढे अडाणी नाहीत, पण आकडा आपल्या पाठीमागं निघाला की त्यांचं डोकं फिरतं आणि त्यात त्यांचं काय चुकलं?

पुढं लॅबला गेल्यावर मी एक उद्योग केला, आज सांगायला हरकत नाही. एकाच कॅनमधलं दूध चांगलं ढवळून दोन बाटल्यांत भरलं, एका बाटलीवर एका बड्या माणसाच्या घरचं नाव टाकलं आणि दुसरीवर असंच एक साधं नाव. ढवळून म्हणतोय कारण न ढवळता वरवरचं घेतलं तर फॅट जास्त येतं आणि तळाचं घेतलं तर कमी, सॅम्पल घेण्यातच माणसं उठवता येतात आणि बुडवता येतात. तर बाटल्या दिल्या माझ्याच हाताखालच्या पोराला. बड्या घरचं ४.४ आलं, साध्या माणसाचं ४.१. पोरगं लबाड नव्हतं, अगदी देवभोळं होतं. डोळा आपोआप झुकतो. एकाला वाटतं कमी कसं निघेल, परत बघतो, दुसऱ्याला पहिल्याच नजरेत लिहून मोकळा. दुसऱ्या दिवसापासून बाटलीवर नाव बंद, फक्त नंबर, आणि नंबर कुणाचा ते आकडे रजिस्टरला चढल्यावरच उघडायचं.

नंतर कळलं की अमेरिकेत मोठमोठ्या वाद्यवृंदांनी हेच केलं होतं, १९७० आणि ८०च्या दशकात. वाजवणारा पडद्यामागं बसायचा म्हणजे बाई आहे की बुवा, गोरा की काळा ते परीक्षकांना दिसायला नको, आणि काही ठिकाणी खाली गालिचा अंथरायचे कारण चालताना सँडलचा आवाज आला की कळायचं बाई आहे. गालिच्यापर्यंत विचार करणारा माणूस मला लई आवडला. आपल्या दहावी-बारावीच्या पेपरवर स्टिकर असतं ते त्याच जातीचं, आणि तपासलेल्या पेपरातले काही परत नियामकाकडं, म्हणजे वरच्या तपासनिसाकडं, जातात ते माझ्या दोन बाटल्यांच्याच जातीचं.

पण परीक्षा आणि दूध यात एक मोठा फरक आहे आणि तिथं पालकांचा गोंधळ होतो. दुधात शेजाऱ्याचं फॅट वाढलं म्हणून तुमचं कमी होत नाही. ३.५ म्हणजे ३.५. दहावीला ३५ला पास हे पण तसंच, सगळा वर्ग पास होऊ शकतो. सीईटीचं तसं नाही. ती अनेक शिफ्टमध्ये होते, प्रत्येक शिफ्टचा पेपर वेगळा, कुणाला सोपा कुणाला अवघड, म्हणून तिथं पर्सेंटाइल काढतात. ९५ पर्सेंटाइल म्हणजे ९५ मार्क नव्हेत, तुमच्या शिफ्टमधल्या शंभरातली ९५ पोरं तुमच्या बरोबरीला किंवा खाली आहेत एवढाच त्याचा अर्थ. माझ्या नातीला ९१ पडले, घरात पेढे वाटले आणि मग कळलं कॉलेज नाही मिळत, तेव्हा तिचा बाप मला विचारतो ९१ म्हणजे चांगले की वाईट? अरे बाबा, ते ९१ तुला तिचे मार्क सांगतच नाहीयेत, ती रांगेत कुठं उभी आहे ते सांगताहेत.

याच्या उलट टोकाचं उदाहरण म्हणजे पुण्याची पुरुषोत्तम करंडक स्पर्धा. कॉलेजच्या पोरांच्या एकांकिका, १९६३ पासून चालू आहे. २०२२ला परीक्षकांनी करंडक कुणालाच दिला नाही, करंडकाला पात्र अशी एकांकिकाच नाही म्हणाले, रोख बक्षिसं तेवढी दिली. केवढा गोंधळ झाला. काही लोक म्हणाले स्पर्धा आहे तर पहिला नंबर कुणाचा तरी येणारच, द्या की. मला विचाराल तर परीक्षकांना तो अधिकार असावा, संध्याकाळच्या कलेक्शनला सगळीच दुधं तीनच्या खाली आली तर त्यातल्या त्यात बरं म्हणून मी एकाला ३.५चा रेट नाही देणार. फक्त आमच्याकडं ३.५ हे दारातल्या फळ्यावर खडूनं लिहिलेलं असतं. नाटकाचं ३.५ किती ते लिहिता येत नाही, म्हणून तिथं निदान परीक्षकांनी पोरांना समोर बसवून कुठं कमी पडलं ते बोलावं, तासभर लागला तर लागू दे.

बरं, सगळंच मशिननं होतं असं पण नाही. आमचे व्याही यवतमाळ जिल्ह्यातले. १९७२ला कापसाची एकाधिकार खरेदी सुरू झाली, सगळा कापूस सरकारी केंद्रावर. तिथं ग्रेडर असायचा. तो गाडीतनं मूठभर कापूस काढणार, दोन्ही अंगठ्यांच्या चिमटीत धरून तंतू ओढणार, लांबी बघणार, कचरा किती, पिवळेपणा किती, दाबून ओल बघणार आणि ग्रेड सांगणार. अर्ध्या मिनिटात. व्याही म्हणतात त्यात काही ग्रेडर असे होते की त्यांच्या बोटांना मशिन हरेल, आणि काही असे की त्यांना नमस्कार कसा केला त्यावर ग्रेड. बाहेरनं दोघं सारखेच दिसायचे, हीच अडचण! बोटातलं ज्ञान खरं असतं, मी त्याला खोटं म्हणणार नाही, पण शेतकरी त्या बोटांत डोकावू शकत नाही. आज निदान ओलाव्याला मीटर आहे, १२ टक्क्याच्या वर गेला की कापूस परत, ८ ते १२ला भावात कपात. मीटरवर पण भांडणं होतात, पण ती आकड्यावर होतात.

आणि आता दुधाचं जे चाललंय ते नीट ऐका, कारण नळी समोर धरून पण माणूस बुडवता येतो. २०२३च्या जुलैत सरकारनं गाईच्या दुधाला ३४ रुपये किमान दर जाहीर केला, ३.५ आणि ८.५ला. पेपरात मोठी बातमी. पण दूध ८.३ एसएनएफचं निघालं तर पॉइंटमागं किती कापायचे? ३४ सगळ्यांना दिसले, कपातीचा तक्ता कुणी मागितला नाही. कपात पॉइंटमागं तीस पैसे धरा की एक रुपया धरा, फळ्यावरचा दर तोच राहतो आणि हातात पडतो वेगळा. मशिन बरोबर, रिडिंग बरोबर, सही-शिक्का बरोबर आणि माणूस लुटला गेला. माझ्या पोरांना मी सांगतो, संस्थेत गेलात की फॅट नंतर विचारा, आधी तक्ता मागा, ३.५च्या खालचा आणि ८.५च्या खालचा.

मघाशी मागनं एका पोरानं चिठ्ठी पाठवली, ती वाचतो. "दूध प्रत्येकाचं तपासतात तर ऊस का नाही?" लई भारी प्रश्न. उसाचा एफआरपी, म्हणजे सरकारनं ठरवलेला किमान भाव, २०२५-२६ला क्विंटलला ३५५ रुपये ठरला, १०.२५ टक्के रिकव्हरीला, म्हणजे उसातनं निघणाऱ्या साखरेला. पण ती रिकव्हरी तुझ्या उसाची नाही, अख्ख्या कारखान्याची सरासरी. तू वेळेवर पाणी तोडलंस, पक्व ऊस दिलास, आणि शेजाऱ्यानं कोवळा ऊस लोटला, दोघांना टनाला एकच भाव. माझ्या दुधाच्या हिशोबानं हा लिटरवरचा जमाना झाला. ऑस्ट्रेलियात, ब्राझीलमध्ये उसातल्या साखरेवर पैसे देतात, ब्राझीलमध्ये तर गाडीतनं सॅम्पल काढून तपासतात, म्हणजे करता येत नाही असं नाही. पण पोरा, इथं शेतकरी उसाची गाडी आधी बाहेरच्या काट्यावर वजन करतो आणि मग कारखान्याच्या काट्यावर नेतो, दोन्ही पावत्या खिशात. ज्याचा वजनावर विश्वास नाही तो गव्हाणीशेजारच्या लॅबमध्ये कुणीतरी काढलेली साखर मान्य करेल का? आणि आणखी एक, तोड कधी द्यायची हे शेतकऱ्याच्या हातात नाही. तोडणीची टोळी दोन महिने उशिरा आली, ऊसाला तुरे आले, वजन आणि साखर दोन्ही गेली, तर तो कमी आकडा शेतकऱ्याच्या नावावर टाकायचा की कारखान्याच्या शेती खात्याच्या? आधी याचं उत्तर पाहिजे, मग गाडीत सॅम्पलची नळी घाला. आणि घालाल तेव्हा ट्रॅक्टरवाल्याला खाली उतरवून शेजारी उभा करा.