दुधाच्या टाकीत सापडतो गोठ्यातला व्हायरस

नमस्कार मंडळी, आज बोलायचंय बीव्हीडी (बोव्हाइन व्हायरल डायरिया) नावाच्या, गाईगुरांना होणाऱ्या व्हायरसबद्दल. हा गोठ्यात वर्षानुवर्षं मुक्काम ठोकून बसतो आणि मालकाला पत्ताच नसतो. गाय परत परत उलटते, म्हणजे रेतन करूनही गाभण न राहता पुन्हा माजावर येते, एखादी मधेच गाभडते, वासरं अशक्त निघतात, आणि आपण दोष देतो खाद्याला नाहीतर रेतनाला.

खरी गोम अशी की गाय गाभण असताना साधारण पहिल्या चार महिन्यांत तिला लागण झाली तर पोटातल्या वासराचं शरीर या व्हायरसला परका मानतच नाही, मग असं वासरू जन्मलं की मरेपर्यंत लाळेतून, नाकातून, शेणातून व्हायरस बाहेर टाकत राहतं आणि स्वतः त्याच्याविरुद्ध अँटीबॉडी, म्हणजे आजाराशी लढायला शरीर तयार करतं ती प्रथिनं, बनवत नाही. कधी ते खुरटलेलं दिसतं, पण कधी अगदी धडधाकट! मग शोधायचं कसं?

इथे स्कँडिनेव्हियातल्या लोकांनी जे केलं ते मला फार मोलाचं वाटतं. नॉर्वेने 1992 च्या शेवटी, स्वीडनने 1993 ला आणि डेन्मार्कने 1994 ला मोहीम सुरू केली, तीही लस न देता. सरसकट प्रत्येक गाईचं रक्त काढत बसले नाहीत. बल्क टँकमधलं, म्हणजे त्या एका गोठ्याच्या दूध साठवायच्या टाकीतलं, सगळ्या गाईंचं एकत्र दूध घेतलं आणि त्यात अँटीबॉडी किती ते बघितलं. कारण व्हायरस पसरवणाऱ्या जनावराकडे अँटीबॉडी नसली तरी आजूबाजूच्या गाईंना लागण होऊन गेलेली असते, त्यांच्या दुधात ती भरपूर उतरते. आकडा खाली असला तर गोठा बहुतेक स्वच्छ, वर असला तरच एकेक जनावर तपासायचं, सापडलं की कळपातून काढायचं. असं करत करत तिन्ही देशांतून हा आजार जवळपास गेला.

एक अडचण मात्र आहे. अँटीबॉडी वर्षानुवर्षं टिकते, त्यामुळे दोषी जनावर गेलं तरी टाकीतला आकडा लगेच उतरत नाही, म्हणून मग फक्त पहिलारू गाईंचं दूध वेगळं तपासतात, त्यांच्यात अँटीबॉडी दिसली तर व्हायरस अलीकडेपर्यंत गोठ्यात होता. शिवाय भाकड गाई आणि वासरं टाकीत येतच नाहीत. आणि बाजारातून गाभण गाय आणताना तर फारच जपा, ती स्वतः ठणठणीत असते पण पोटात तसलं वासरू असू शकतं.

हा व्हायरस भारतातही आढळलाय. आपल्याकडे संकलन केंद्रावर फॅट आणि एसएनएफसाठी (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) रोज दूध तपासलं जातंच, पण मोठ्या टाकीत गावभरचं दूध एक होतं, त्यातून गोठा कुठला ते कळणार नाही. त्यामुळे नमुना घ्यायचा तर मापाच्या वेळी, प्रत्येकाची किटली टाकीत रिकामी व्हायच्या आधी, आणि त्यावर गोठ्याचा नंबर टाकून.